मदत हवी आहे: काओम्स हार्ट घालावं की सहा लिंकचं चिलखतच ठेवावं?

मंडळी, पाथ ऑफ एक्झाइल या कॉम्प्युटर गेमच्या पहिल्या भागात मी रायचस फायरचा (स्वतःभोवती आग पेटवून शत्रू जाळणाऱ्या कौशल्याचा) बिल्ड, म्हणजे त्यावर बेतलेलं पात्र, खेळतोय. काल काओम्स हार्ट नावाचं चिलखत हाती लागलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

या चिलखतात थेट ५०० लाइफ मिळते. रायचस फायरचं नुकसान आपल्या लाइफवर ठरत असल्यामुळे जीवही वाढतो आणि जाळही वाढतो. ऐकायला अगदी सोन्यासारखं. पण त्याला एकही सॉकेट (कौशल्यांचे जेम बसवायची खाच) नाही! माझा फायर ट्रॅप (आगीचा सापळा लावणारं कौशल्य) सध्या सहा लिंकच्या, म्हणजे सहा जोडलेल्या सॉकेटच्या, चिलखतात त्याला बळ देणाऱ्या पाच सपोर्ट जेमसोबत बसलाय. तो हातमोज्यांत हलवला तर तीनच सपोर्ट उरतात. साधे शत्रू रायचस फायरनेच जळून जातात, त्यांची चिंता नाही. खरी अडचण बॉसची, कारण तिथे सगळी भिस्त फायर ट्रॅपवरच आहे.

दुसरं म्हणजे रेझिस्टन्स, म्हणजे आग, थंडी, विजेच्या माऱ्यापासूनचा बचाव. गेमच्या कथेचा दहावा अंक संपल्यावर त्यात एकूण ६० टक्क्यांची वजावट लागते. माझं सध्याचं चिलखत थंडी आणि विजेचा बराच भाग भरून काढतं, काओम्स हार्ट त्यातलं काहीच देत नाही. म्हणजे दोन्ही अंगठ्या आणि बूट बदलणं आलंच. एक वस्तू घ्यायची आणि तिच्यापायी तीन बदलायच्या, हे मला फार खुपतंय.

ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी कृपया सांगा: चार लिंकच्या फायर ट्रॅपवर बॉस आटोक्यात राहतात का? आणि काढायचाच झाला, तर कोणता सपोर्ट आधी काढावा?