मात्रोनालिया आणि मात्रालिया: सण एक की दोन?

गोदाकाठ (नांदेड):
महालक्ष्म्यांच्या दिवसांत महिला मंडळात प्राचीन रोमच्या लग्न झालेल्या बायकांच्या सणांची माहिती सांगायची आहे. मात्रोनालिया आणि मात्रालिया एकच का? त्यात ‘उनिविरा’ (एकदाच लग्न झालेली बाई) येते, तिला सवाष्ण म्हटलं तर चालेल? आणि नैवेद्य करून दाखवता येईल का?

बालाघाट:
दोन वेगळे सण. मात्रोनालिया १ मार्चला, बाळंतपणाच्या यूनो लुकिना देवीचा. तिचं एस्क्विलीन टेकडीवरचं देऊळ इ.स.पू. ३७५ चं. त्या दिवशी नवरा बायकोला भेट द्यायचा, मालकीण गुलामांना जेवू घालायची. देवीपुढे अंगावर गाठ चालत नसे, गरोदर बाई केस मोकळे सोडायची. प्रसंग करून दाखवणार असाल तर वेणी आणि पदराची गाठ आधी सोडा.

मात्रालिया ११ जूनला, मातर मातुता देवीचा. मूर्तीला हार घालायचा मान फक्त उनिविरेला, म्हणजे एकदाच लग्न झालेल्या बाईला. सवाष्ण म्हणूच नका. आपण नवरा हयात आहे का ते बघतो, तिथे लग्नं किती झाली ते बघत. पाट लावलेली बाई नवरा असेपर्यंत आपल्याकडे सवाष्णच, तिथे मात्र ती बाद. मागणं स्वतःच्या लेकरांसाठी नसे, बहिणीच्या लेकरांसाठी असे. या सणातलं मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. मात्र एका दासीला देवळात आणून चापट्या मारून हाकलत, तेही सांगा, गाळू नका.

चूलवैल:
मातुतेचा पोळा मातीच्या भांड्यात भाजत. करायला लीबुम, म्हणजे रोमन नैवेद्याचा चीजचा पोळा, सोपा. काटो या रोमन लेखकाचं माप असं: ताजं चीज २ रोमन पौंड, गव्हाचं पीठ १ पौंड, अंडं १. पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा. नाजूक हवा तर पीठ अर्धा पौंडच.

विकतचं घट्ट पनीर नको. दूध फाडून फडक्यात तासभर दाबा. पाणी राहिलं की पोळा पसरतो. मग लोण्यासारखं मळा, कण राहिले तर तडे जातात. खाली तमालपत्रं, वर खापर, आच मंद. खापरावरही निखारे ठेवा, नाहीतर वरून कच्चा राहतो.

बालाघाट:
वेळ उरला तर बोना देआ, या फक्त बायकांनी पुजायच्या देवीचा विधी घ्या. डिसेंबरातली रात्र, मोठ्या अधिकाऱ्याचं घर, पुरुष सगळे बाहेर. दारूला ‘दूध’ म्हणायचं, तिच्या भांड्याला ‘मधाचं भांडं’. इ.स.पू. ६२ मध्ये सीझरच्या घरी क्लोडियस हा राजकारणी पुरुष बाईच्या वेषात शिरला आणि विधी बाटला. वेस्टा देवीच्या कुमारिका पुजारिणींना तो पुन्हा करावा लागला.