नेवरी पडते केवढ्याला, अकरा की साडेपंधरा?

डिचोलीची नेवरीवाली
गणेशचवथीच्या आधी मी घरून नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ऑर्डरी घेते. वही ठेवते, पण दिवसाचा एकूण खर्च तेवढाच लिहिते. गेल्या वर्षीची दोन पानं समोर आहेत. एका दिवशी २०० नेवऱ्या, खर्च ३,१०० रुपये. तीन दिवसांनी ५००, खर्च ५,५००. भागून बघितलं तर एकदा साडेपंधराला पडते, एकदा अकराला. मी अकरा धरले, बाराने विकल्या आणि नेवरीमागे रुपया सुटतोय या खुशीत राहिले. शेवटी घरातलेच दोनशे गेले. यंदा ३०० ची ऑर्डर आहे, बाराने घेऊ का? मुलगा नववीत आहे. "आई, हे लिनियर इक्वेशन गो" म्हणाला नि फुटबॉल घेऊन पळाला.

फोंड्याचे मास्तर
बाय, भागू नका, वजा करा. दुसऱ्या दिवशी ३०० नेवऱ्या जास्त केल्या आणि खर्च २,४०० ने वाढला. म्हणजे वाढीव नेवरी आठ रुपयांची. आठप्रमाणे २०० चे १,६०० होतात, पण वहीत ३,१०० आहेत. वरचे १,५०० एकही नेवरी न करता गेलेत. नेवऱ्या क्ष, खर्च य:

य = ८क्ष + १५००

बाराने विकलीत तर प्रत्येकीमागे चार सुटतात, आणि त्या चारांनी आधी १,५०० फेडायचे. १५०० ÷ ४ = ३७५. त्याच्या आत जेवढं कराल ते पदरमोड. ३०० चा खर्च ३,९००, हाती येणार ३,६००.

मुलाला एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातलं टॅक्सीचं गणित द्या: पहिल्या किलोमीटरला ८ रुपये, पुढे प्रत्येकी ५. अर्धा वर्ग ५क्ष + ८ लिहायचा. उत्तर ५क्ष + ३, कारण पहिल्या किलोमीटरचे पाच त्या आठातच आहेत.

डिचोलीची नेवरीवाली
सर, ते १,५०० कुठले ते रात्री शोधत बसले. मदतीच्या बाईचे ८००, रिक्षाचे ३००. चारशे काही केल्या सापडेनात. मग आठवलं, तेल! ५० तळा नाहीतर ५००, काहिली भरावीच लागते, आणि उरलेलं तेल मी दुसऱ्या दिवशी वापरत नाही. नेवरी पिते ते तेल आठात, काहिलीत राहतं ते चारशेत. इतकी वर्षं सगळं तेल नेवरीवरच टाकत होते.

म्हापशेकर
मास्तरांचं सूत्र बरोबर, पण ते किती लांब ताणायचं ते बघा. आमच्याकडे साधारण ६०० च्या पुढे एका बाईचा हात पुरत नाही. दुसरी बोलावली की १५०० चे २३०० होतात, रेषा तिथे पायरी चढते. शिवाय तो आठ गेल्या वर्षीचा. नारळ, गूळ चढले तर आठ बदलेल, बाईची मजुरी वाढली तर १५०० बदलेल. दोन्हीत गल्लत करू नका. आणि दर वाढवण्याआधी दिवस कमी करता येतात का बघा. दोन दिवस काहिली चढवली की १५०० दोनदा जातात.

डिचोलीची नेवरीवाली
माशेलची १५० ची ऑर्डर आहे, दोन दिवस आधीची. ओल्या नारळाचं चून टिकणार नाही, म्हणून ३०० वाल्यांना फोन करून विचारलं, सुक्या सारणाच्या चालतील का? चालतील म्हणाले. आता ४५० एकाच दिवशी. ८ × ४५० + १५०० = ५,१००. बाराने विकल्या तरी तीनशे सुटतात, पण मी तेरा सांगितलेत. माशेलची वहिनी जरा कुरकुरली, मग घेते म्हणाली. देव बरें करूं, मास्तर.

फोंड्याचे मास्तर
नारळाचा यंदाचा भाव घालून ते आठ पुन्हा काढा. आणि दोन नेवऱ्या फोंड्याला, त्या क्षमध्ये धरू नका.