मदत हवी आहे: लिथॉप्सची जुनी पानं अजून वाळली नाहीत आणि वर भुसावळचा मे, पाणी द्यावं का?

नमस्कार मंडळी,

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे किंवा अकोल्याच्या बाजूला कुणी लिथॉप्स उन्हाळ्यातून जगवून दाखवलं असेल, तर त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. पुण्या-नाशिकचे अनुभव वाचलेत, पण तिथली रात्र आणि आमची रात्र यात फार फरक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लिथॉप्स म्हणजे हुबेहूब गारगोटीसारखं दिसणारं, दोनच जाड पानांचं झाड. मूळचं दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचं. 1811 मध्ये बर्चेल या प्रवाशाला ते पहिल्यांदा सापडलं, तेव्हा त्यानं ते खडा समजूनच उचललं होतं. वर्षातून एकदा मधल्या फटीतून नवी जोडी येते, जुन्या पानांतलं पाणी शोषून घेते आणि जुनी पानं कागदासारखी वाळून जातात. हे चालू असताना पाणी द्यायचं नसतं, एवढं सगळेच सांगतात.

माझी अडचण अशी की लिथॉप्सच्या दोन जातींच्या माझ्या दोन कुंड्या दोन वेगळ्या गोष्टी मागताहेत.

पहिली ऑकॅम्पी, विटकरी रंगाची. हिची फट चांगली उघडलीय, आत नव्या जोडीवरची तांबडी नक्षी स्पष्ट दिसते. पण बाहेरची जुनी पानं अजून टणक आहेत, बोटानं दाबली तर दबत नाहीत. एव्हाना ती सुकायला हवी होती. पाणी घातलं तर ती जोडी आणखी फुगेल आणि नवी आत अडकून राहील, ही भीती आहे.

दुसरी कॅरासमोंटाना. हिचं काम वेळेत झालं. जुन्या पानांचं पातळ साल खाली गोळा झालंय, नवी जोडी छान बसलीय. मात्र वरच्या पृष्ठभागावर सुरकुत्या आल्यात आणि झाड मातीत खाली ओढल्यासारखं झालंय. गेल्या आठवड्यापर्यंत दुपारी मऊ पडायचं आणि सकाळपर्यंत पुन्हा घट्ट व्हायचं, म्हणून मी हात लावला नाही. आता सकाळीही मऊच लागतंय.

कुंड्या पूर्वेच्या गॅलरीत आहेत, दहापर्यंतचं ऊन, नंतर हिरवी जाळी. मातीत चाळलेली गिरणेची वाळू, विटेचे बारीक तुकडे, मुरूम आणि अगदी थोडं शेणखत; आपली काळी माती मुळीच नाही, ती ओल धरून बसते. कुंड्या खोल आहेत, कारण याचं सोटमूळ लांब जातं.

पारा 45 च्या आसपास आहे, पण मला दिवसापेक्षा रात्रीची काळजी जास्त वाटते. ही झाडं पाणी वाचवण्यासाठी श्वासरंध्रं रात्री उघडतात. आमच्याकडे मध्यरात्रीही भिंती तापलेल्या असतात, कुंडीला हात लावला तर कोमट लागते. अशा मातीत ओल गेली तर मुळं शिजल्यासारखी होतील का? की कॅरासमोंटानाला पहाटे कडेनं चमचाभर पाणी चालेल? कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, म्हणजे मुळांना गारवा मिळेल, असं डोक्यात आहे. कुणी करून पाहिलंय का? कूलरच्या खोलीत मात्र न्यायची नाही, तिथली दमट हवा नको.

ऑकॅम्पीची जुनी पानं हातानं फाडून काढावीत असं एकानं सुचवलंय. माझं मन धजत नाही, कारण जखमेतून सड शिरेल असं वाटतं. अनुभव असेल तर सांगा.

आणि मृग लागला की पुढे काय? आमच्याकडे पाऊस कमी असला तरी चार-चार दिवस आभाळ भरलेलं राहतं. वर पारदर्शक पत्रा टाकून बाजू मोकळ्या ठेवायचा विचार आहे. ऑकॅम्पी ज्या भागातली आहे तिथे पाऊस उन्हाळ्यातच पडतो म्हणे, मग तिला पावसाळ्यात थोडं पाणी द्यावं आणि कॅरासमोंटाना कोरडी ठेवावी, की दोघींना सारखंच वागवावं?

फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढून टाकते. कॅरासमोंटानाबद्दल आधी सांगितलंत तर बरं होईल, तिच्याकडे वेळ कमी आहे.