मदत हवी आहे: जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह फिक्या येतायत

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, फिल्म भारी की डिजिटल हा वाद इथे नको. माझं दोघांशिवाय चालत नाही. पळत्या लेकीचे डिजिटलवर दोनशे फोटो काढून चार ठेवते आणि फिल्मच्या ३६ फ्रेम महिनाभर पुरवते. पण या फिल्मपायी सध्या डोकं पिकलंय.

बाबांचा १९७०च्या दशकातला कॅमेरा आहे. शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. मूळ सेल १.३५ व्होल्टचा, पाऱ्याचा. तो आता मिळत नाही, म्हणून त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला. काटा हलला, मी खूश! ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता) कृष्णधवल फिल्मचे दोन रोल मीटरच्या भरवशावर काढले. उजेडातलं ठीक आलंय, सावलीत मात्र काहीच नाही. खिडकीशी बसलेल्या आईच्या अंबाड्याच्या जागी निगेटिव्ह अगदी नितळ. त्याच वेळी डिजिटलवर काढलेल्या फोटोत अंबाड्यातली पिनसुद्धा दिसते.

काल दोन्ही कॅमेरे एकाच भिंतीवर रोखले. आयएसओ ४००, लेन्सचं छिद्र एफ ८. शटरला डिजिटल म्हणतो १/१२५ सेकंद, जुना म्हणतो १/५००. म्हणजे सरळ दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फिल्मच्या कडेचे, कारखान्यातच टाकलेले आकडे चांगले काळे उमटलेत, त्यामुळे डेव्हलपिंगमध्ये गडबड नसावी. बरोबर ना?

मीटरवर आयएसओ १०० लावून चालवून घेऊ का? की सरळ डिजिटललाच मीटर करू? पण तिथे पांढरं जळू नये म्हणून मी नेहमी एक्स्पोजर कमी ठेवते. तोच आकडा फिल्मला कसा देणार?

प्रतिसाद १
कडेचे आकडे काळे म्हणजे डेव्हलपिंग ठीक, उजेडच कमी पडलाय. व्होल्टेज वाढलं की अशा साध्या मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो. १०० लावून भागणार नाही, कारण उजेड बदलला की चूकही बदलते. श्रवणयंत्राचा ६७५ मापाचा झिंक-एअर सेल घ्या, १.४ व्होल्टचा असतो. घेर लहान असल्याने भोवती एक रिंग लागेल. हवेची भोकं मात्र बुजवू नका. भोकांवरचा स्टिकर काढला की वापरा न वापरा, दोनेक महिन्यांत तो संपतो.

प्रतिसाद २
शटरवर संशय नको. म्हातारी शटरं बहुधा मंदावतात, त्याने उजेड जास्त लागून निगेटिव्ह उलट गडद होते. डिजिटल जरूर मीटर म्हणून वापरा, पण त्यातला स्पॉट मीटर (फक्त एका लहानशा जागेचा उजेड मोजणारा) अंबाड्यावर धरा आणि येईल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या, कारण मीटर काळे केसही करडे धरतो. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड बराच पचवते, सावलीत न उमटलेलं मात्र परत आणता येत नाही. डिजिटलचं नेमकं उलट, म्हणून तुमची ती कमी ठेवायची सवय तिकडेच राहू द्या.

धागाकर्ती
अंबाड्यावर मीटर! आईला पुन्हा खिडकीत बसवते. पिनेसकट.