एका डॉलरमागे तीन डॉलर?

वेलनेसवर, म्हणजे कर्मचाऱ्यांना तंदुरुस्त ठेवायच्या कार्यक्रमांवर, खर्च केला की कंपनीचा उपचारखर्च आपोआप उतरतो, असं बरेच जण म्हणतात. इतकं सरळ नाही हो. 2010 मध्ये आरोग्य-अर्थतज्ज्ञ कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून डॉलरमागे सुमारे 3.27 डॉलर वाचतात, असा हिशेब मांडला होता. पुढे त्याच बेकरबाईंनी झिरुई साँग यांच्यासोबत सुमारे 33,000 कर्मचाऱ्यांवर रीतसर प्रयोग केला. 2019 चा निष्कर्ष: 18 महिन्यांनी ना खर्च लक्षणीय घटला, ना गैरहजेरी. गोम अशी, की अशा कार्यक्रमांत आधीच धडधाकट असलेले लोक हौसेने नाव नोंदवतात, म्हणून जुने आकडे फुगतात.

खरा तोटा रजेच्या तक्त्यात दिसतच नाही. पाठ धरलेला माणूस खुर्चीत अवघडून बसतो, एकच ईमेल तिसऱ्यांदा वाचतो. हजेरी मात्र पूर्ण! त्याला पावलं मोजायचं घड्याळ कशाला? बरी खुर्ची द्या, वेळेवर घरी सोडा.