घरची तिखट मिरची: लावली, तोडली, वाळवली. तुमचे अनुभव लिहा

घरच्या बागेत तिखट मिरची लावणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. पेरणीपासून बरणी भरेपर्यंतचं काहीही लिहा, पण मला जास्त उत्सुकता आहे ती तोडणीनंतरची. रोप कसं लावायचं ते कुणीही सांगतं. टोपलीभर लाल मिरच्या समोर आल्या की पुढे काय, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

सुरुवात मीच करते. मिरची वाळणार की सडणार, हे बियाणं निवडतानाच ठरतं असं माझं मत. केयेनसारखी पातळ सालीची, लांबोडकी मिरची नुसत्या वाऱ्यावरही वाळते. हालापेन्यो मांसल. अख्खी पसरली तर वरून सुरकुतते आणि आत बिनबोभाट बुरशी धरते. मेक्सिकोत ती धुरावर वाळवून चिपोटले करतात, ते उगाच नाही. मांसल मिरचीला मी उभी चीर देते, मगच पसरते.

* * *

वाळवण्यापर्यंत पोचलात, भाग्यवान आहात! आमचं गाडं उगवणीपाशीच अडतं. हबानेरोचं बी दोन-चार आठवडे सहज घेतं, मातीत ऊब नसेल तर त्याहून जास्त. माती २५ ते ३० अंशांच्या आसपास राहिली की बरं उगवतं. मी ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवतो. तिथली ऊब पुरते आणि येता-जाता लक्षही राहतं.

* * *

झाड हिरवंगार, डेरेदार, मिरची एक नाही? नत्र जास्त होतंय, खत आवरा. कळ्या येऊन गळत असतील तर मात्र आधी हवा बघा. दिवसा पारा ३५ च्या वर गेला की फूल टिकत नाही, रात्री फार गारठा पडला तरी तेच. अशा वेळी लोक घाबरून आणखी खत घालतात. भर दुपारची सावली आणि सारखा ओलावा एवढंच द्यायचं, हवा निवळली की झाड आपसूक धरतं.

* * *

चुरडामुरडा झाला, म्हणजे पानं वळून आखडली, म्हणून सरसकट फवारणी करणाऱ्यांना एक विनंती: आधी पान हातात घेऊन बघा. कडा वर वळून पानाची वाटी झाली असेल तर बहुतेक फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड). पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की फुलकिडे बारीक पिवळसर रेघांसारखे चालताना दिसतात. मी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरकस फवारा मारते आणि ऊन उतरल्यावर निंबोळी अर्क. पांढरी माशी विषाणू घेऊन आली असेल तर ते झाड उपटायचं. जीव अडकतो, पण शेजारची झाडं वाचतात.

* * *

तोडणीबद्दल दोन शब्द. ओढून तोडू नका, फांदीच मोडून हातात येते. कात्रीनं देठासकट कापा. देठ निघालेल्या मिरचीला वर भोक राहतं आणि सड तिथूनच सुरू होते. रंग पालटायला लागलेली मिरची तोडल्यावरही सावलीत दोन-तीन दिवसांत लाल होते. पूर्ण कच्ची हिरवी होत नाही. वाळून फिकट, मळकट दिसते आणि चवही अर्धवट.

आणि तोडत राहा. पिकलेली मिरची झाडावर लटकत राहिली की नवी फुलं कमी येतात.

* * *

उन्हात वाळवणाऱ्यांशी माझं पटत नाही. कडक उन्हात दिवसचे दिवस राहिली की मिरचीचा लाल रंग उडतो. मी सुरुवातीला थोडं ऊन दाखवतो, नंतर हवेशीर सावलीत जाळीवर. दमट हवेत मात्र हट्ट सोडतो आणि ड्रायर लावतो, ५५ अंशांच्या आसपास. खिडक्या उघड्या हव्यात, नाहीतर घरभर ठसका.

* * *

बिया काढल्या म्हणजे तिखटपणा गेला असं समजणाऱ्यांसाठी: तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गराच्या पट्ट्यात. बियांना ते नुसतं लागतं. चिरताना हातमोजे घाला. हाताची आग झालीच तर नुसत्या पाण्यानं जात नाही, कारण ते तेलात विरघळतं. आधी तेल चोळा, मग साबण. डोळ्यांना हात लावू नका हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगते.

* * *

पुढच्या वर्षासाठी बी धरणार असाल तर जाती लांब लावा किंवा फुलांवर पातळ कापडी पिशवी बांधा. मिरचीचं फूल स्वतःच फळतं, पण मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. त्याचा परिणाम या वर्षीच्या फळात कळत नाही, त्या बियांपासून आलेल्या झाडांवर दिसतो.

* * *

@धागाकर्ती, वाळली हे ओळखायचं कसं?

* * *

कानाशी हलवा, बी खुळखुळलं पाहिजे. वाकवली तर मोडली पाहिजे, नुसती वाकली तर अजून ओली. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी वाळतो, तिथेच दाबून बघा. शंका वाटली तर काही मिरच्या काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर वाफ दिसली तर सगळा माल परत पसरा. एखादीवर बुरशी दिसली तर पुसून वापरू नका, टाकून द्या. आणि पूड लागेल तेवढीच करा, अख्खी मिरची रंग-वास जास्त दिवस धरते.