'वूशिया'तल्या 'शिया'ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा
एका चिनी कादंबरीतली काही प्रकरणं मराठीत करून बघतोय. चिनी येत नाही, इंग्रजीवरून करतोय, हे आधीच कबूल. प्रकार 'वूशिया', म्हणजे छपरांवरून उड्या मारणारे तलवारबहाद्दर, खानावळीतली हाणामारी, गुरूच्या खुनाचा सूड वगैरे. चित्रपटांमुळे हे जग ओळखीचं आहे, पण पहिल्याच पानावर तीन शब्दांनी वाट अडवली.

'मार्शल आर्ट'ला कोश 'युद्धकला' म्हणतो. पण नायक एका गुहेत भिंतीकडे तोंड करून तीन वर्षं श्वास मोजत बसतो. त्याला 'युद्धकला शिकला' म्हणताना पेन अडतं. युद्ध म्हटलं की फौजा आल्या, तळ आले, तोफा आल्या. इथे माणूस एकटा आहे.

दुसरा 'शिया', म्हणजे या कथांचा नायक. इंग्रजी अनुवादक कुठे 'नाइट' करतो, कुठे 'हीरो', कुठे तसाच सोडतो.

तिसरा 'जिआंगहू', म्हणजे हे नायक ज्या जगात वावरतात ते. शब्दशः 'नद्या आणि सरोवरं'. मी आधी 'जलप्रदेश' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

सुताडगुंडी
'मार्शल'पासून सुरुवात करू. मूळ मार्स, रोमनांचा युद्धदेव, म्हणजे आपला मंगळ. शब्दाला शब्द ठेवायचा तर 'मंगळकला' होईल आणि लोक पत्रिका घेऊन दारात येतील. सभागृहातून सदस्यांना उचलून बाहेर नेणारे 'मार्शल' मात्र वेगळे. तो जर्मन कुळातला शब्द, मूळ अर्थ घोड्यांची देखभाल करणारा नोकर. देवनागरीत दोघे एकाच वेषात फिरतात, त्यामुळे घोटाळा होतो.

'मर्दानी खेळ' हा आयता शब्द आहे की.

उंबरठा
'मर्दानी' इथे चालायचा नाही. या प्रकारात पट्टीच्या तलवारबाज बायका पहिल्यापासून आहेत. थांग राजवटीच्या काळातल्या जुन्या चिनी कथांमध्येही आहेत. बाई दहा जणांना लोळवणार आणि आपण तिला 'मर्दानी' म्हणून पदक देणार! शिवाय 'खेळ' म्हटलं की बघणारे आले, टाळ्या आल्या.

पोथीनिष्ठ
'युद्धकला'तलं 'युद्ध' खटकतं हे बरोबरच, पण मला 'कला' जास्त खटकते.

आधी 'वूशिया'तला 'वू' बघा, म्हणजे लढण्यासंबंधीचा. चिनी लिपीत ही खूण दोन भागांची आहे, एक 'थांबणे' आणि दुसरा भाल्यासारखं शस्त्र. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बी इथल्या लढाईत चू या चिनी राज्याचा राजा च्वांग जिंकला. शत्रूच्या प्रेतांचा ढीग रचून विजयस्मारक करा, असं त्याला सुचवण्यात आलं. त्याने नकार दिला आणि कारण म्हणून याच अक्षराची फोड सांगितली : शस्त्र थांबवणं म्हणजे 'वू'. 'झ्वोझ्वान' या प्राचीन बखरीत हा प्रसंग आहे.

आता गंमत. लिपीचे अभ्यासक म्हणतात की ही फोड चुकीची आहे. तो 'थांबणे'वाला भाग मुळात पावलाचं चित्र आहे. म्हणजे शस्त्र घेऊन चाल करून जाणारा माणूस. अगदी उलटा अर्थ! आपल्याकडे याला लोकव्युत्पत्ती म्हणून बाजूला सारतात, पण ही लोकव्युत्पत्ती दोन हजारांहून जास्त वर्षं माणसं खरी मानून जगली आहेत. चिनी दिग्दर्शक चांग यीमोऊंच्या २००२ च्या 'हीरो' चित्रपटात मारेकरी राजाच्या दहा पावलांवर पोचतो. तिथे राजाच 'तलवार' या अक्षराच्या सुलेखनाकडे बघून त्याचा अर्थ लावतो, की शेवटच्या पायरीवर तलवार हातातही नसते आणि मनातही नसते. हा च्वांग राजाच्या व्युत्पत्तीचाच पणतू. कोशकाराच्या दृष्टीने चूक, पण कथाकार तिच्यावरच जगतो.

कानामात्रा
हे माहीत नव्हतं. पण मग 'कला' का नको?

पोथीनिष्ठ
कारण जपानी आणि चिनी शब्दांमध्ये 'कला' हा मुद्दाच नाही. जपानीत दोन शेपट्या आहेत, 'जुत्सु' आणि 'दो'. जुत्सु म्हणजे तंत्र, हातोटी. दो म्हणजे वाट, चिनी 'दाओ'. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा 'जुजुत्सु' या जुन्या कुस्तीवजा प्रकारातलं 'जु' ठेवलं आणि शेपूट बदललं : 'ज्युदो'. शेपूट बदललं तसा शिकण्याचा हेतूही बदलला. पुढच्या कितीतरी कथा आणि चित्रपट याच बदलावर उभे आहेत. पोरगा सूड घ्यायला जुत्सु शिकायला येतो आणि म्हातारा त्याला दोच्या वाटेला लावतो. त्याआधी अंगण झाडायला लावतो, ते वेगळं.

'जु' म्हणजे मऊ, लवचीक. योशिन-र्यू नावाच्या एका जुन्या घराण्याची दंतकथा अशी की बर्फाच्या भाराने ताठ झाडांच्या फांद्या मोडल्या आणि विलोची फांदी वाकून भार टाकून देऊन परत उभी राहिली, हे पाहून संस्थापकाला डाव सुचला. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळे वाचतात, हे आपण शाळेच्या आधीपासून ऐकतो.

उंबरठा
मग 'विद्या' का नको? मल्लविद्या, धनुर्विद्या हे शब्द आहेतच. 'कला' कुणालाही दाखवता येते. विद्येला गुरू लागतो, पात्रता लागते, ती चोरता येते आणि चोरली तर बाधते. कर्णाने परशुरामाकडून खोटं बोलून विद्या मिळवली आणि ऐन वेळी ती आठवेना. वूशियात नेमकं हेच चालतं. गुप्त पोथी चोरीला जाते, चोर ती वाचून अर्धवट साधना करतो, श्वास उलटा फिरतो आणि वेडा होतो. 'कला चोरली म्हणून वेडा झाला' हे हास्यास्पद वाटतं. 'विद्या चोरली म्हणून वेडा झाला' यावर मराठी वाचक मान डोलावेल.

सुताडगुंडी
वा! मग 'द्वंद्वविद्या' करा. एकास एक लढाई हा अर्थ आहेच, वर सुखदुःखाची द्वंद्वंही आली. आणि विद्या पूर्ण झाली की माणूस निर्द्वंद्व!

उंबरठा
छान आहे, पण कीर्तनात शोभेल. पात्राच्या तोंडी 'तुझी द्वंद्वविद्या कोणत्या घराण्याची?' हे टाळ घेऊनच म्हणावं लागेल. नुसतं 'विद्या कुणाकडे घेतलीस?' पुरे.

रिकामाहात
उशिरा आलो. काही वर्षं कराटे केलं आहे, त्यामुळे त्या शब्दाबद्दल दोन ओळी. सगळीकडे 'कराटे म्हणजे रिकामे हात' असं लिहितात. पूर्वी याच उच्चाराचा 'कारा' वेगळ्या अक्षराने लिहीत आणि त्याचा अर्थ होता थांग, म्हणजे चीन. 'चिनी हात'. १९३६ मध्ये ओकिनावातल्या नाहा इथे जुन्या उस्तादांची बैठक झाली आणि 'रिक्त'वालं अक्षर रूढ करायचं ठरलं. त्यामागे तेव्हाचं जपानी राजकारणही होतं, नुसतं तत्त्वज्ञान नव्हे. पण कराटेगुरू फुनाकोशी गिचिन यांनी या अक्षराची बाजू मांडताना बौद्ध सूत्रातल्या वचनाचा आधार घेतला. ते वचन मूळ संस्कृतात आहे : रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्.

म्हणजे तो 'कारा' आपला 'शून्य' आहे! संस्कृतातून चिनीत, चिनीतून जपानीत आणि तिथून इंग्रजीमार्गे 'रिकामा' होऊन परत आला. मराठीत 'रिकामा'ची संगत फार वाईट. रिकामटेकडा, रिकाम्या हाताने परतला, रिकामं घर. (माझं टोपणनाव याच चिडचिडीतून.) 'शून्यहस्त' कुणी म्हणणार नाही, पण अनुवादात कुठे गुरू या शब्दाचा अर्थ सांगत असेल तर तिथे तरी 'शून्य' वापरा.

सुताडगुंडी
आणि झेन म्हणजे आपलं ध्यान! ध्यान, चान, झेन. थोडक्यात, कुंगफू आपणच शिकवलं. बोधिधर्म.

पोथीनिष्ठ
पहिलं वाक्य बरोबर, दुसऱ्याला हात जोडतो. ध्यान–चान–झेन हा प्रवास पक्का आहे. भारतातून गेलेला भिक्षू बोधिधर्म याने चीनमधल्या शाओलिन मठाच्या भिक्षूंना व्यायाम शिकवला ही कथा मात्र ज्या ग्रंथावर उभी आहे, तो सतराव्या शतकाच्या मागे जात नाही, आणि बोधिधर्माचा काळ पाचवं-सहावं शतक. मधे हजार वर्षं सामसूम. कथा म्हणून सुंदर आहे, कादंबरीत जरूर घ्या. छाती फुगवायला नको.

'कुंगफू'बद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्यात मुळात लढाई नाहीच. वेळ आणि कष्ट खर्चून अंगी आलेलं कसब, असा त्याचा अर्थ. चहा करण्याचं कुंगफू असतं, सुलेखनाचं असतं. बाहेरच्या जगात तो शब्द लढाईला चिकटला, १९७० च्या दशकातल्या हाँगकाँगच्या चित्रपटांनी तर पक्काच. मराठीत जवळचा शब्द 'रियाज', पण तो गाण्याने बळकावलाय. आखाड्यातली माणसं व्यायामाला 'मेहनत' म्हणतात, तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. 'त्याची मेहनत दिसते' यात वेळही आला आणि घामही.

कानामात्रा
'मेहनत' घेतला. गुहेतली तीन वर्षं आता 'मेहनत' झाली. 'शिया'चं काय?

पोथीनिष्ठ
'शिया' हा धंदा नाही, स्वभाव आहे. म्हणून 'नाइट' चुकतो. नाइटला पदवी असते, मालक असतो. शियाला दोन्ही नाही. हान फेई या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाला ही माणसं मुळीच आवडत नसत. विद्वान लेखणीने कायदा बिघडवतात आणि शिया बळाने मनाई मोडतात, अशी त्याची तक्रार. पुढे इतिहासकार सिमा छियेनने त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. ते नेहमी कायद्याला धरून वागत नाहीत हे त्यालाही मान्य आहे. पण बोललं ते खरं करतात, दिलेला शब्द पाळतात आणि दुसऱ्याच्या संकटात स्वतःच्या देहाची पर्वा करत नाहीत, असं तो म्हणतो. त्या वर्णनात तलवारीचा उल्लेखसुद्धा नाही.

वूशिया कादंबरीकार जिन योंग (१९२४–२०१८) यांच्या शेवटच्या कादंबरीचा नायक मारामारीत कच्चा, थापाड्या आणि जुगारी आहे. तो शिया आहे की नाही यावर वाचक अजून भांडतात. भांडायला जागा आहे कारण तो मित्रांना दगा देत नाही. तलवार हीच कसोटी असती तर भांडण एका मिनिटात मिटलं असतं.

उंबरठा
'बाणेदार'? 'बाणा' हाही धंदा नव्हे, वागण्याची टेक. आणि सत्तेसमोर न वाकणं त्यात आलंच.

सुताडगुंडी
बाणेदार माणूस बाणेदार उत्तर देतो आणि घरी जातो. जीव द्यायला निघत नाही. मला 'ब्रीद' आवडतं. 'ब्रीदाला जागणारा'.

कानामात्रा
नाम म्हणून एकच शब्द हट्टाने लावायचा नाही असं ठरवतोय. ओळख करून देताना 'शब्दाला जागणारा', कुणी टोमणा मारला तर 'मोठा ब्रीदवाला आलाय', आणि प्रकाराचं नाव 'वूशिया' तसंच. आता नद्या-सरोवरं.

उंबरठा
'गावकुसाबाहेरचं जग'?

रिकामाहात
नको. त्या शब्दाला आपल्याकडे विशिष्ट इतिहास आहे, विशिष्ट माणसांचं दुःख आहे. हौसेने भटकणाऱ्या तलवारबाजांना तो देऊ नये.

उंबरठा
बरोबर. मागे घेते.

पोथीनिष्ठ
'दऱ्याखोरी' जवळ येतो. तोही भूगोलाचा जोडशब्द आणि तिथेही राज्याचा हात पोचत नाही. पण जिआंगहू हा भूगोल राहिलेलाच नाही. च्वांगत्झ या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात एक दृष्टान्त आहे. तळं आटतं, मासे कोरड्यावर पडतात आणि थुंकीने एकमेकांना ओलं ठेवतात. त्यापेक्षा नद्या-सरोवरांत एकमेकांना विसरून पोहणं बरं, असं तो म्हणतो. तिथे जिआंगहू म्हणजे मोकळेपणा. कादंबऱ्यांपर्यंत येता येता त्याच्या अगदी उलट झालं : उपकार, वैर, शपथा आणि उधाऱ्यांचं असं जाळं की बाहेर पडता येत नाही. आज चिनी माणूस कचेरीतल्या लाचारीबद्दलही म्हणतो, 'जिआंगहूत पडलं की देह आपला राहत नाही.' दिग्दर्शक आंग लींच्या २००० सालच्या वूशिया चित्रपटाच्या इंग्रजी सबटायटलमध्ये हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला होता. मला ते पटलं.

रिकामाहात
पाणी कुठे कुठे शिरलंय बघा. जिआंगहूत पाणी, 'रोनिन', म्हणजे मालक नसलेला जपानी सामुराई, शब्दशः लाटेवरचा माणूस, आणि ब्रूस लीचं ते १९७१ मधलं टीव्ही मालिकेतलं 'पाणी हो'. त्याच्यामागे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्झ : पाण्याइतकं मऊ काही नाही आणि कठीणाला जिंकण्यात त्याच्यापुढे कुणी नाही.

पण 'पाणी हो' मराठीत म्हणून बघा. तलवारीला आपण पाणीच देतो. माणूस पाणीदार असतो, त्याचं पाणी जोखतात, तो पाणी दाखवतो आणि हरणाऱ्याला पाणी पाजतो. ब्रूस लीला अभिप्रेत होतं वाहणं, भांड्याचा आकार घेणं. मराठीत त्याच शब्दात पोलादाची धारही येते.

कानामात्रा
हे कादंबरीत कुठेतरी वापरणारच. म्हातारा गुरू तलवार परत देताना म्हणेल, 'पाणी हिच्यात आहे, तू अजून बर्फ आहेस.' मुळात असं नाही, पण जवळपास आहे. चालेल ना?

पोथीनिष्ठ
अनुवादक म्हणून चालणार नाही. वाचक म्हणून चालेल.

कानामात्रा
जिआंगहू तसंच ठेवतो. शेवटची शंका : तो जिआंगहू की ते जिआंगहू?

उंबरठा
ते. 'जग' ते, म्हणून.

सुताडगुंडी
'ती' का नको? नदी ती.

उंबरठा
सरोवर ते. बरोबरी झाली, आता जगाचं मत निर्णायक.